गढीवर कुंदा

मी अकोला–दर्यापूर रस्त्यावर एसटीत तिकिटं फाडत जन्म घालवला. त्या सगळ्या वर्षांत प्रवाशांना जे जे सांगितलं, ते त्यांनी मान डोलावून ऐकलं. सेमाडोहजवळ एका वाघानं पंजा दाखवून माझी गाडी थांबवली आणि पुढच्या फाट्यावर उतरून गेला, हे मी सांगितलं, तेव्हा एका बाईनं फक्त एवढंच विचारलं, "त्याचं तिकीट फाडलं का नाई?" शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्यात अख्खी गाडी जेवली आणि ड्रायव्हरला दोन फोडी उरल्या, हे सांगितलं, तर लोकांनी बगिचा कोणाचा ते विचारलं. आणि आयुष्यात एकदा, एकदाच हो, मी डोळ्यांनी पाहिलेलं जसंच्या तसं सांगितलं, तर माझ्याच गावानं मला फेकू ठरवलं. हा राग माझ्या पोटात अजून रटरटतो आहे. त्या रागापायीच लिहायला बसलो.

आमचं गाव पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी असं की सुनेनं वरणात मीठ टाकलं तर सासू तिला उधळी म्हणते. गावाच्या तोंडाशी एक गढी आहे. कोण्या जुन्या पाटलानं बांधलेली, मातीची. भिंती, बुरूज कधीचे विरघळले; उरला तो पांढऱ्या मातीचा एक ढीग, बैलगाडी वर चढवायची तर बैलांनी राजीनामा द्यावा एवढा उंच. पण गढीचं काम संपलेलं नव्हतं. पूर्णा पुरात आली की सरळ गावावर धावते, गढीला धडकते, आणि तोंड वळवून पलीकडच्या मळईत, म्हणजे काठच्या गाळाच्या रानात, जाते. गढीच्या मागं पहिलं घर माझ्या वहिनीचं. मोठा भाऊ गेल्यापासून ती तिथं एकटी राहते (माझं बिऱ्हाड अमरावतीला), मळईत वांगी-मिरच्या करते, पहाटे अकोल्याच्या बाजारात नेऊन विकते आणि दुपारी घरी येऊन सगळ्या गावाला शिव्या घालते. तिच्या आणि नदीच्या मध्ये दुसरं काहीही नाही. फक्त ती गढी.

पूर्वी गावात सगळी धाब्याची घरं होती. मृगाच्या आधी घरटी एक माणूस टोपलं घेऊन गढीवर जायचा आणि पांढरी माती आणून धाब्यावर चोपायचा, म्हणजे पावसाळ्यात घर गळायचं नाही. पण त्याला एक रिवाज होता. माती घ्यायची ती गावाकडच्या अंगाची. नदीकडच्या अंगाला कुदळ लावायची नाही. का, ते कोणी सांगत नव्हतं. माझा बाप विचारलं तर टोपलंच डोक्यात घालायचा, म्हणून आम्ही विचारलंही नाही. आता घराघरावर स्लॅब आला. धाबा उरला नाही, म्हणजे मातीची गरजही उरली नाही. मग गढी सुखानं बसली असेल ना? छे! कोणाला तरी साक्षात्कार झाला की पांढरी माती काळ्या वावरात टाकली की कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर जाते. झालं. टोपल्याच्या जागी ट्रॉली आली. आणि ट्रॉली नदीकडून लावायला सोपी.

असं सगळं सुरू होत असतानाच मी हॉलंडला गेलो.

गेलो म्हणजे लेकीनं नेलं. ती आणि जावई तिकडं समुद्राकाठच्या एका एवढ्याशा गावात राहतात. गाव इतकं लहान की मी शिंकलो की वेशीपलीकडची गाय वळून बघायची. वारा असा की माझी टोपी पहिल्याच दिवशी उडाली. ती अजून खाली आलेली नाही. थंडी अशी की चहाला फुंकर मारायची गरज नाही, चहाच आपल्यावर फुंकर मारतो. आणि जेवायला काय, तर थंड पाव. त्याच्यावर थंड चीज. गरम काही मागितलं तर लेक म्हणायची, "बाबा, इथं दुपारी असंच खातात." असंच खातात म्हणूनच तिथले लोक एवढे उंच झाले असतील, पोटातली भूक वर वर ओढत नेते.

तिथं मला एक बुढा भेटला. उभा जन्म मासेमारी केलेला. गावातल्या एका जुन्या घरात त्या गावाच्याच जुन्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या, तिथं तो आता बसायचा. तो मला किनाऱ्यावर घेऊन गेला. लेक सोबत होती, ती दोघांचं बोलणं इकडून तिकडं करायची. बुढ्यानं लाटांकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "तो आमच्या गावाचा मुख्य रस्ता."

मी लेकीला म्हटलं, "याच्या तोंडाचा वास घे."

"बाबा!"

"अगं, समुद्राले रस्ता म्हणून राहिला तो."

बुढा शांतपणे पुढं सांगत गेला. त्याच्या पूर्वजांचं गाव आजच्या गावाच्या पुढं होतं, जिथं आता लाटा आहेत. देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, गावाच्या मधोमध. मग समुद्रानं पहिली गल्ली नेली. लोक मागं सरकले. मग दुसरी नेली. मधोमधचं चर्च वेशीवर आलं, मग वाळूत आलं, मग एका वादळात गेलं. गावानं मागं नवं बांधलं. मला मनातून फार आनंद झाला. म्हटलं, एवढ्या दूर आपल्याच धंद्याचा माणूस भेटला! मीही मागं हटलो नाही. आमच्या गढीला नऊ मजले होते आणि नवव्या मजल्यावर हत्ती बांधलेले असायचे, असं त्याला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी बुढ्यानं विचारलं, हत्तींना पाणी कसं चढवत होते? त्या माणसानं रात्रभर त्याचा विचार केला होता. आमच्या गावात असा श्रोता असता तर मी आज कुठल्या कुठं असतो.

मग त्यानं माझ्या हातात एक वीट ठेवली. पिवळी, झिजलेली, एका बाजूला शिंपलं चिकटलेलं. म्हणाला, ही त्या चर्चची. माझ्या बापाच्या जाळ्यात मासळीसोबत वर आली.

माझं तोंड बंद झालं. डेपो मॅनेजरला जे कधी जमलं नाही ते त्या विटेनं केलं. म्हणजे हा फेकत नव्हता. ते गाव खरोखर तिथं पाण्याखाली होतं, आणि हा माणूस रोज सकाळी जाऊन आपल्या गेलेल्या गल्लीकडं बघून येत होता.

पुढचं ऐका, कारण खरी गोष्ट पुढंच आहे. त्या किनाऱ्यावर वाळूचे डोंगर आहेत. समुद्र एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला, मध्ये तेवढी वाळू. वाळूला धरून ठेवतं ते एक राठ गवत. आणि जुने लोक काय करायचे? तेच गवत उपटायचे! झाडूला, छपराला, दोराला. मेंढ्या चारायचे. बुढा म्हणाला, समुद्राला दोष देऊ नका, दार आम्हीच उघडलं. गवत गेलं, वाळू उडाली, स्वयंपाकघरात शिरली, मागून समुद्र आला. मग कायदा झाला. गवताला हात लावायचा नाही. उलट घरटी माणसानं जाऊन गवत लावायचं. अजूनही ते लावतात. मी स्वतः त्या वाऱ्यात वाकून दोन पेंढ्या लावून आलो आहे.

पुढं त्यानं दुसऱ्या महायुद्धातलं सांगितलं. जर्मन फौज आली आणि तिनं समुद्राकडची चांगली उभी घरं पाडून तिथं सिमेंटची भिंत घातली. त्याच्या आईचं घर त्यात गेलं. समुद्रानं नेलेल्या गल्ल्या सांगताना बुढ्याचा आवाज हलला नव्हता. हे सांगताना हलला. मग त्यानं विचारलं, तुमची गढी आहे का अजून? मी म्हटलं, आहे. कोण राखतं? मी छाती काढून म्हटलं, "सगळं गाव राखते."

परत आलो तर सगळं गाव राखतच होतं. ट्रॅक्टर लावून.

नदीकडचं अंग अर्धं खाल्लेलं. पांढऱ्या मातीत वरवंट्याचे तुकडे, खापरं, बांगड्यांच्या काचा उघड्या पडलेल्या, आणि वरून ट्रॉलीच्या चाकोऱ्या. वहिनीच्या अंगणातून पूर्वी आभाळ दिसायचं नाही एवढी गढी होती. आता तिथून नदी दिसत होती. वहिनी दारात मिरच्या निवडत होती. माझी बॅग खाली टेकायच्या आत म्हणाली, "या भाऊजी. तुमी समुद्र पाहाले गेले, तोवर इथंच सोय करून राहिले लोक."

मी तसाच पारावर गेलो. तिथं सरपंच होता. माझ्याच वर्गातला, आणि तो ट्रॅक्टरही त्याचाच.

"ये बाप्पा, हॉलंडवाले!" तो म्हणाला. "काय आणलं आमच्यासाठी?"

"अक्कल आणली. घेतं का?"

"वजन किती हाये? ट्रॉलीत बसंल का?"

पारावरचे सगळे हसले. मी गिळलं आणि सांगायला बसलो. अगदी सरळ, फोडणी न देता. तिथं समुद्र वर आहे आणि गाव खाली.

"मंग पाणी पडत नाई काय गावात?"

"मधात रेतीचे डोंगर हायेत. त्याईच्यावर लोक गवत लावतात."

"गवत लावतात?" सरपंच मांडी बदलून बसला. "कायले? ढोरं चाराले?"

"ढोरं सोड. माणसालेही पाय ठेवू देत नाई."

"अरे भाऊ, तुह्या वाघाची गोठ परवडली! गवत काय लावते कोणी? आमी जन्म घालवला गवत उपटण्यात."

"पूरं गाव पाण्यात गेलं त्याईचं! गढी अशीच गेली तं आपलंही जाईल. पयले वहिनीचं घर जाईल."

"गढी कोणाच्या बापाची हाये? कोणाचीच नाई," सरपंच म्हणाला. "अन् फेकाले काही हद्द असते बे. समुद्र वर अन् गाव खाली!"

वाघाचं तिकीट विचारणारे लोक हे! एक म्हातारा तर चक्क घोरायला लागला. आता मला सांगा, माणसानं काय करावं? लोकांची झोप उडावी एवढ्यासाठी मी त्या बुडालेल्या चर्चच्या घंटेला थोडी चांदी लावली. घंटा कशाची होती ते बुढ्यालाही ठाऊक नव्हतं, म्हणजे चांदीची नव्हती असं तरी कोणी म्हणावं? आणि घंटा आली की तिच्याखाली दोन हंडे ओघानंच येतात.

घोरणारा म्हातारा उठून बसला. "हंडे कायचे?"

दुसऱ्या दिवशी गढीवर अर्धं गाव सब्बली-पहारी घेऊन हजर. यांच्या डोक्यात काय शिरलं, तर जुनं ते बुडालं तिथं हंडे, मग जुनी आपली गढी, तिच्यातही हंडे. अरे, मी चांदी ठेवली होती ती सात समुद्रांपलीकडं, पाण्यात! आमच्या गढीत मी एक छदामही ठेवला नव्हता. गाव बुडालं हे खरं, त्यावर विश्वास नाही. गवत लावतात हे खरं, त्यावर विश्वास नाही. आणि हंड्यांवर एका क्षणात सगळ्यांचा विश्वास! ट्रॉलीनं अर्धी सोडलेली गढी सब्बलींनी चाळणी केली. खालून ट्रॅक्टर, वरून सब्बल.

वहिनीनं मला बोलावलं नाही, दारातूनच हाक घातली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"भाऊजी! तुमी तिकडंच काहून नाई राहिले? तुमचे हंडे माह्या चुलीपावेतो आले!"

"मी कुठी म्हणलं का गढीत हायेत?"

"तुमी कुठी काय म्हणता, ते तुमालेच ठाऊक नाई राहत. मृग तोंडावर आला. पूर आला तं मी कोणाच्या घरी जाऊ? तुमच्या अमरावतीले? तिथं दोन दिवसांत तुमी मले गोष्टीत टाकसान."

मीही पेटलो. माझ्या खऱ्याची ही किंमत! मी अंगणात उभा राहून ओरडायला लागलो. सरपंचाला, सब्बलवाल्यांना, त्या घोरणाऱ्या म्हाताऱ्याला, सगळ्यांना नाव घेऊन घेऊन. शेवटी म्हणालो, "तिथं कायदा करून गवत लावलं. इथं कायद्यानं काय होते? या लोकाईच्या गढीवर तं कुंदा लावा लागते, कुंदा! मंग पाहतो कोण माईचा लाल माती नेते!"

वहिनीचा मिरच्यांवरचा हात थांबला.

"काय म्हणलं?"

"काई नाई. रागात म्हणलं."

"तुमी रागातच बरं बोलता," ती म्हणाली, आणि मिरच्यांचं सूप घेऊन आत गेली.

काळ्या मातीत न जन्मलेल्यांसाठी सांगतो. कुंदा म्हणजे गवत नाही, वैर आहे. त्याच्या मुळ्या पाताळात जाऊन तिथल्या लोकांची घरं उकरतात. एवढीशी काशी, म्हणजे मुळीचा बोटभर तुकडा, वावरात राहिला की पुढच्या सालात अख्खा पट्टा त्याचा. उन्हाळाभर माणसं टिकास घेऊन तो खोदतात, काशा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उन्हात मारतात, आणि तरी आषाढात तो डोकं वर काढून हसतो. वऱ्हाडात शत्रूच्या मुलीशी सोयरीक करतील, पण कुंद्याच्या वावराशी शेजार धरणार नाहीत.

तर माझी वहिनी दुसऱ्या दिवशी धुऱ्याधुऱ्यानं फिरली. लोकांनी खोदून टाकलेल्या काशांपैकी ओल्या तेवढ्या निवडल्या. कोणी विचारलं तर म्हणायची, "चुलीले." लोकांनी आनंदानं दिल्या, आपल्या धुऱ्यावरची पीडा दुसरा नेतो म्हणून एकानं तर स्वतः पोतं उचलून डोक्यावर दिलं. आणि तिनं गढीच्या खोदलेल्या अंगाला, वरपासून पायथ्यापर्यंत, मिरचीची रोपं लावावीत तशा त्या काशा ओळीनं लावल्या. मळईतल्या मोटरचा पाइप ओढून आणला आणि पाणी दिलं. मी मदतीला वाकलो, तर म्हणाली, "तुमी सरका. तुमी लावलं तं त्याले हंडे लागतील."

कुंद्याला काय, पाणी दिसायचा अवकाश. आठवडा झाला नाही तोच पांढऱ्या मातीवर हिरवे भाले उभे.

मग गावात जो कल्लोळ झाला, तो पूर्णेच्या पुरानंही झाला नसेल. सरपंच ट्रॉली घेऊन आला आणि ते हिरवं पाहून ट्रॅक्टरवरून उतरायचंच विसरला. मागून शेतकऱ्यांचा घोळका.

"वहिनी, डोकं फिरलं का?" सरपंच ओरडला. "कुंदा लावते काय कोणी? गावाले आग लावाची हाये का तुमाले?"

"तुह्या वावरात लावला काय रे?" वहिनीनं कमरेला पदर खोचला. "गढीवर लावला. गढी कोणाची? तूच म्हणलं ना, कोणाचीच नाई."

"आमच्या वावरात यीन ना तो!"

"कसा यीन? त्याले काय पाय हायेत? तू माती नेली तं यीन. ने. टोपलं देऊ का?"

कोणी जागचं हललं नाही. एवढ्यात मागच्या एकाला आठवलं की त्यानं कालच एक ट्रॉली वावरात टाकली आहे. तो जो पळाला, तो थेट वावरात जाऊन ढेकूळ न् ढेकूळ हातानं फोडत बसला म्हणे. सब्बलवाल्यांनी गढीवर पाय ठेवण्याआधी विचार केला, जोड्याला एखादी काशी चिकटून घरी आली तर? त्यांच्या बायकांनी तर दारातच बजावलं: गढीवरून आलात तर जोडे बाहेर, आणि हंडा मिळाला तर तोही बाहेर.

सरपंच मला म्हणाला, "हे तुहंच डोकं हाये."

मी म्हणालो, "होय." वहिनी म्हणाली, "नाई." या एका गोष्टीवरून आमचं अजून भांडण आहे.

पूर्णा आली. यायचीच होती. पाणी गढीच्या तोंडाशी येऊन लागलं, खाल्लेल्या अंगाला भिडलं. मी वहिनीच्या स्लॅबवर उभा होतो. तिनं मळईतली मोटर, बियाणं, देव, सगळं वर आणून ठेवलं होतं आणि पाण्याकडं न बघता सुपारी कातरत होती. वरची सैल माती धुऊन गेली. मग आतली दिसली, कुंद्यानं धरलेली, घट्ट. पाणी तिथं घुमलं, फुसफुसलं आणि नेहमीच्या वाटेनं मळईत वळलं. वहिनीची वांगी गेली. घर राहिलं.

"वांगी होतील," ती म्हणाली आणि खाली चूल पेटवायला गेली.

लेकीला फोन केला. बुढा तिच्याकडंच आला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, गवत लावायला किती घरं आली? मी म्हटलं, एक.  तो म्हणाला, हत्तींच्या पाण्याचं अजून कळलेलं नाही.

परवा अकोल्याहून दर्यापूरच्या गाडीत बसलो होतो. पाटीवर दर्या आणि खाली पाण्याचा थेंब नाही, अशी ती आमची गाडी. शेजारी एक कपाशीवाला होता, दूरच्या तालुक्यातला. त्याला म्हटलं, पुढं पुलावरून एक गढी दिसेल, तिच्यावर माझ्या वहिनीनं स्वतःच्या हातानं कुंदा लावला, पाणी घालून वाढवला, म्हणून गाव शाबूत आहे.

त्यानं मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"काका, काई बी नका फेकू. कुंदा कोणी लावते काय?"

एकही शब्द वाढवला नव्हता हो मी! निवृत्त होऊन एवढे दिवस झाले, पण माझा हात आपोआप वर घंटीच्या दोरीकडं गेला. ओढली. गाडी थांबली, पुलाच्या अलीकडं, भर उन्हात. कंडक्टर ओरडला, ड्रायव्हर ओरडला, मागून कोणीतरी शिवी दिली.

"उतर," मी त्या कपाशीवाल्याला म्हणालो. "चाल, दाखवतो. पण गढीवर पाय नको ठेवू."